अंदाज मोबाइलवर, निर्णय वावरात

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील बहुतांश शेती पावसावर अवलंबून आहे. हवामानाची माहिती आता मोबाइलवर फुकट मिळते. पण ती पाहून आज वावरात काय करायचे आणि काय थांबवायचे हे ठरले, तरच तिचा उपयोग.

अंदाज कसा वाचावा : ‘मेघदूत’ ॲपमध्ये मराठी भाषा आणि यवतमाळ जिल्हा निवडा. पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, तापमान व वारा तिथे दिसतो. मंगळवारी आणि शुक्रवारी पीक सल्ला येतो. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे जास्तीत जास्त चारातल्या एका ठिकाणी. तेवढ्या भरवशावर बियाणे मातीत टाकू नका. हवामान विभागाचा दर गुरुवारचा विस्तारित अंदाज पाहिला, तर पुढच्या आठवड्यांत खंड पडण्याची शक्यता कळते.

पेरणी : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याशिवाय कपाशी, सोयाबीन पेरू नये. यवतमाळला पाऊस पडला म्हणजे आपल्या तालुक्यातल्या मुकुटबनला पडलाच, असे नसते. म्हणून सपाट बुडाचा, उभ्या कडांचा डबा झाडाझुडपांपासून दूर, उघड्यावर पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला आतले पाणी पट्टीने मोजा, आकडा वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. पाण्याची खोली जितके मिलिमीटर, तितका तुमच्या वावरातला पाऊस. जूनच्या पहिल्या सरीपासून बेरीज ठेवली, तर दुबार पेरणीचा धोका बराच कमी होतो.

फवारणी : २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत औषध अंगावर येते. त्यामुळे ॲपमधला वाऱ्याचा वेग व दिशा आधी पाहा. वारा जोराचा असेल किंवा पावसाचा अंदाज असेल, तर पंप भरूच नका. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका. हातमोजे, मुखपट्टी व चष्मा वापरा.

वीज : ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजेची सूचना देते. सूचना येताच काम सोडून पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका.

कोलाम पोडांवर (वस्त्यांवर) अनेकांकडे स्मार्टफोन नाही, काही ठिकाणी रेंजही नसते. ज्यांच्याकडे आहे त्यांनी मंगळवार-शुक्रवारचा सल्ला संध्याकाळी चारचौघांत वाचून दाखवावा. शेतकरी बंधू-भगिनींनो, यंदा पेरणीआधी डबा बसवा, वही उघडा आणि अंदाज शेजाऱ्यालाही सांगा.