हाताचे पैसे त्या खात्यात ठेवू नका

पासबुक भरून घेतलं आणि भडगावच्या त्या बँकेच्या काउंटरवरच तीनदा वाचलं. सकाळी जमा सात लाख. दुपारी त्यातले तीन लाख दहा हजार कर्जखात्याला वर्ग. मॅनेजरसाहेब मान वर न करता म्हणाले, "आप्पा, कर्ज तुमचंच ना?" जिनिंगमध्ये गेलेल्या माझ्या उजव्या हाताची ती भरपाई होती. घरी बायको एवढंच बोलली, "पैसा कथा गयात?"

कर्ज मी नाकारलं नव्हतं. पण २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचं कलम ९ स्पष्ट होतं: या रकमेवर जप्ती नाही, ती गहाण पडत नाही, कुणाच्या येण्यापोटी वळतीही होत नाही. बँकेचा वकील म्हणाला, हे रक्कम 'देय' असेपर्यंतच, खात्यात आली की संपलं. जळगावच्या कितीतरी खेपांनंतर निम्मीच परत मिळाली. म्हणून सांगतो, भरपाईचा अर्ज करतानाच खातं अशा बँकेतलं द्या जिथे तुमचं एक रुपयाही देणं नाही, आणि त्यात दुसरे पैसे मिसळू नका.

देणं पतसंस्थेचंही होतं. तिचे वसुलीवाले रोज दारात बसायला लागले तेव्हा नादारीचा अर्ज केला. आधीच करायला हवा होता. एक वकील नादारीचा २०१६ चा नवा कायदा सांगत बसले. साध्या माणसाच्या कर्जासाठी त्याचा तो भाग लागूच झालेला नाही. आपल्याकडे १९२० चा प्रांतिक नादारी कायदा चालतो. नादार ठरवल्याचा हुकूम झाला की धनकोंना कोर्टाच्या परवानगीशिवाय वसुली करता येत नाही. मजुराचं राहतं घर, भविष्य निर्वाह निधी, ही भरपाई, यांना हात लागत नाही. घर गहाण दिलेलं असेल तर मात्र ते वाचत नाही.

अर्जाच्या महिनाभर आधी मी मेव्हण्याचे उसने चाळीस हजार फेडले. माणुसकीनं फेडले. पण अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला दिलेलं झुकतं माप कोर्ट रद्द करू शकतं. भर कोर्टात मेव्हण्याला मान खाली घालावी लागली, ती माझ्यामुळे.

कागद जपा, वाचल्याशिवाय सही करू नका, हे सगळे सांगतात. नादारीतून मुक्तीच्या अर्जाची मुदत मात्र कुणी सांगत नाही. ती हुकमातच असते. चुकली तर नादारी रद्द होते आणि सगळे पुन्हा दारात. आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या कॅलेंडरवर ती तारीख बायकोनं लिहिली आहे. माझं डाव्या हाताचं अक्षर अजून लागत नाही.