ऑक्टेव्हमध्ये सदिश तयार करताना

भौतिकशास्त्रात सदिश म्हटले की डोळ्यांपुढे बाण येतो, परिमाण आणि दिशा असलेला. ऑक्टेव्ह किंवा मॅटलॅबमध्ये मात्र सदिश म्हणजे क्रमाने मांडलेल्या संख्या. मॅटलॅब विकत घ्यावे लागते, ऑक्टेव्ह मोफत मिळते. खालच्या आज्ञा दोन्हींत चालतात. इथे नावे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत द्यायची.

सर्वांत सोपी रीत चौकटी कंसाची. ए = [2 4 6] लिहिले की तीन घटकांची आडवी ओळ तयार होते. मध्ये अर्धविराम दिले, [2; 4; 6], तर तेच घटक उभ्या स्तंभात येतात. परेडच्या भाषेत एक रँक, दुसरी फाइल. कंसातल्या रिकाम्या जागेलाही अर्थ असतो बरं का! [5 -3] मध्ये दोन घटक आहेत, पण [5 - 3] मध्ये एकच, तो म्हणजे 2.

घटक पुष्कळ असतील तर हाताने कोण लिहिणार? तिथे अपूर्णविराम कामाला येतो. टी = 0:0.5:3 यात 0 ही सुरुवात, 0.5 ही पायरी आणि 3 ही मर्यादा. पायऱ्या सहा असल्या तरी घटक सात मिळतात, कारण सुरुवातीचा 0 धरावा लागतो.

‘मर्यादा’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. समजा, 44.1 मीटर उंच मनोऱ्यावरून दगड सोडला. हवेचा रोध सोडून दिला आणि गुरुत्व त्वरण 9.8 घेतले, तर तो बरोबर 3 सेकंदांत जमिनीवर येतो. कापलेले अंतर असे काढायचे: एस = 4.9*टी.^2. घातचिन्हाआधीचे टिंब विसरू नये; त्यामुळे प्रत्येक घटकाचा वेगवेगळा वर्ग होतो. टिंब नसेल तर ऑक्टेव्ह चूक दाखवते.

आता पायरी 0.7 घेऊ. घटक येतात 0, 0.7, 1.4, 2.1, 2.8. पुढचा 3.5 मर्यादेबाहेर जातो, म्हणून यादी 2.8 वरच संपते. तेव्हा दगडाने सुमारे 38.4 मीटर अंतर कापलेले असते, म्हणजे आलेखात तो जमिनीपासून 5.7 मीटरवर लटकलेलाच राहतो! आणि या वेळी ऑक्टेव्ह काहीच तक्रार करत नाही, कारण सांगितले तेवढे त्याने केले आहे. टिंब विसरण्यापेक्षा ही चूक मला जास्त धोक्याची वाटते. आलेख दिसायला अगदी व्यवस्थित असतो.

दोन्ही टोके हवीच असतील तर लिनस्पेस वापरावे. लिनस्पेस(0, 3, 5) दिले की 0, 0.75, 1.5, 2.25, 3 मिळतात. इथे शेवटची संख्या पायरी नसून घटकांची संख्या आहे. ती दिलीच नाही तर 100 घटक तयार होतात. प्रयोगात दर अर्ध्या सेकंदाला नोंद घेतली असेल तर मात्र अपूर्णविरामच सोयीचा, कारण तिथे पायरी आधीच ठरलेली असते.

कोणतीही रीत वापरा, आलेख काढण्यापूर्वी टी(एंड) टाइप करून शेवटचा घटक पाहा. पहिला घटक टी(1) ने दिसतो; टी(0) चालत नाही, मोजणी 1 पासून होते.