शंभर यार्डांची रेघ

तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार २००५ साली अमलात आला. भारताने त्यापूर्वीच, २००३ मध्ये, कायदा करून १८ वर्षांखालील मुलांना आणि शिक्षणसंस्थांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई केली. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावरही बंदी आणली.

शाळेभोवतीची ही रेघ आम्ही राखू शकतो. मात्र वसतिगृहातील मूल दिवाळीच्या सुटीत घरी जाते, तेव्हा ती मागेच राहते. घरी आजीची मिश्री असते, वडिलांची चुन्याची डबी असते, आणि ‘जा रे, एक पुडी आण’ असे त्यालाच सांगितले जाते. म्हणजे दुकानदाराकडून कायदा आपणच मोडवून घेतो! त्याला २०० रुपयांपर्यंत दंड आहे. यंदाच्या सुटीत पुडी आणण्यास मुलांना धाडू नये, ही पालकांना विनंती.