शल्यशस्त्रांची जागतिक बाजारपेठ आणि कृष्णाकाठचे कसब

शस्त्रक्रिया या शब्दातच शस्त्र आहे. शल्यचिकित्सकाचे ज्ञान कितीही सखोल असले, तरी ते रुग्णाच्या देहापर्यंत पोहोचते ते हातातील पात्याच्या धारेतून. धार बोथट असेल तर त्वचा कापली न जाता फाटते, जखम भरून येण्यास विलंब लागतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. बोटभर लांबीच्या या पात्याची जागतिक बाजारपेठ आज सतत विस्तारत आहे. सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या दृष्टीने हा विषय अभ्यासण्याजोगा आहे.

मागणी का वाढते?

२०१२ साली जगात सुमारे ३१ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया झाल्या असाव्यात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. तरीही सुमारे ५०० कोटी लोकांना सुरक्षित व परवडणारी शस्त्रक्रिया उपलब्ध नाही आणि ही उणीव भरून काढण्यासाठी दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रियांची आवश्यकता आहे, असे लॅन्सेट आयोगाने २०१५ साली दाखवून दिले. महाराष्ट्रापुरते पाहिले तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २५.४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले.

दुसरे कारण पात्याच्या रचनेत आहे. पूर्वी अखंड सुरीलाच पुन्हापुन्हा धार लावली जाई. १९१५ साली अमेरिकेत मॉर्गन पार्कर यांनी मूठ व पाते वेगळे करता येईल अशा सुरीचे एकस्व मिळविले. मूठ निर्जंतुक करून पुन्हा वापरावयाची, पाते मात्र प्रत्येक रुग्णासाठी नवे घ्यावयाचे, अशी पद्धत त्यातून रूढ झाली. साहजिकच शस्त्रक्रिया जसजशा वाढतात, तसतशी पात्यांची मागणीही वाढत जाते.

पोलाद आणि पाणी

उत्तम पात्याचे रहस्य पोलादाला पाणी देण्यात असते. तापविलेले पोलाद झटकन थंड केले की ते कठीण होते. मात्र ठिसूळपणा जावा म्हणून ते पुन्हा माफक तापवावे लागते. कर्बयुक्त पोलादाची धार तीक्ष्ण असते, पण त्यास गंज चढतो. १९१३ साली शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी तयार केलेल्या क्रोमियमयुक्त पोलादामुळे ही अडचण पुष्कळशी दूर झाली.

हे शास्त्र आपल्याकडे अपरिचित नव्हते. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रे व २० शस्त्रे सांगितली आहेत. शस्त्रास क्षार, उदक व तैल यांत पाणी द्यावे, उडदाच्या रंगाच्या गुळगुळीत शिळेवर धार लावावी आणि केस कापला जाईल इतकी ती तीक्ष्ण असावी, असे तेथे नमूद आहे.

मिरज आणि सियालकोट

मिरजेचा आधुनिक शल्यचिकित्सेशी संबंध जुना आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली येथे मिशन रुग्णालय सुरू केले आणि दूरदूरचे रुग्ण शस्त्रक्रियेसाठी या गावी येऊ लागले. १९६२ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले.

धार लावण्याचे कसबही मिरजेत होते. शस्त्रांना धार व झिलई देणारे शिकलगार येथे पिढ्यान्‌पिढ्या काम करीत. एकोणिसाव्या शतकात तलवारींची मागणी ओसरली, तेव्हा फरीदसाहेबांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. त्यांच्या परंपरेतील सतार व तानपुऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले.

सियालकोटची कथा येथपर्यंत अशीच आहे. तेथेही तलवारी घडविणारे कारागीर होते आणि मिशनचे रुग्णालयही होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या रुग्णालयाची उपकरणे दुरुस्त करता करता कारागीर ती घडवू लागले. दुसऱ्या महायुद्धात तेथील माल मित्रराष्ट्रांच्या सैन्यास पुरविला गेला आणि आज जर्मनीतील टुटलिंगेनबरोबर सियालकोटचे नाव घेतले जाते. बंगालमधील बारुईपूर येथेही हा व्यवसाय लहान कारखान्यांतून चालतो. रुग्णालय आणि कारागीर एकाच गावी असणे पुरेसे नसते. दोघांची गाठ पडावी लागते, हा या तुलनेचा बोध होय.

पुढील वाट

यंत्रोद्योगाची परंपरा या भागास नवी नाही. १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीने शेतकऱ्यास लोखंडी नांगर व कडबा कापण्याचे यंत्र दिले. सातारा रोड येथे कूपर कारखाना उभा राहिला. मिरज, कुपवाड, सातारा व कऱ्हाड येथील औद्योगिक वसाहतींत धातुकामाचे कुशल हात आहेत. परंतु शल्यशस्त्रांच्या बाजारात केवळ कौशल्यावर भागत नाही. पोलादाची प्रत, प्रत्येक नगाची तपासणी, निर्जंतुक वेष्टन आणि २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार परवाना या गोष्टी अनिवार्य ठरतात. गॅमा किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करण्याची सोय तुर्भे येथील आयसोमेड केंद्रात १९७४ साली सुरू झाली. लहान उद्योजकांनी पात्यांऐवजी चिमटे, कात्र्या व मुठी यांपासून प्रारंभ करणे अधिक व्यवहार्य ठरेल. कारण त्यांत हातकामाचा वाटा मोठा असतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व वैद्यकीय महाविद्यालय यांनी एकत्र बसून कोणती उपकरणे वारंवार दुरुस्तीस येतात, याची यादी केली तरी कामास आरंभ होऊ शकेल.

पंचायत सदस्यांचे कर्तव्य याहून निकटचे आहे. वापरलेले पाते उकिरड्यावर पडले तर सफाई कामगाराचा हात कापतो व रोगाचा प्रसार होतो. २०१६ च्या नियमांनुसार अशा धारदार वस्तू न भोसकणाऱ्या, पांढऱ्या अर्धपारदर्शक पेटीतच टाकावयाच्या आहेत. आपल्या आरोग्य केंद्रात ती पेटी आहे काय आणि ती वेळेवर उचलली जाते काय, एवढे पाहणे प्रत्येक गावास शक्य आहे. रुग्णास जीवदान देणाऱ्या पात्याने इतरांस इजा होऊ नये, ही दक्षता घेणे हाही आरोग्यसेवेचाच भाग आहे.