लेखकांचा संप आणि दूरचित्रवाणी

दूरचित्रवाणीवरील नट स्वतःच्या मनानें बोलतात, असें आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस वाटतें. वस्तुतः ते शब्द लेखकाचे असतात. अमेरिकेंतील पटकथालेखकांनीं ५ नोव्हेंबर २००७ रोजीं संप पुकारला. इंटरनेटवरील प्रसारणाच्या उत्पन्नांत त्यांस वाटा हवा होता; ही मागणी आम्हांस रास्तच वाटते. रोज ताजा विनोद लागणारे रात्रीचे कार्यक्रम तत्काळ बंद पडले. मालिकांचे कांहीं भाग आधींच तयार असल्यामुळें त्या थोडे आठवडे तगल्या. पुढें 'हीरोज'चें दुसरें पर्व ११ भागांवरच थांबलें, व '२४' या मालिकेचें सातवें पर्व जानेवारी २००८ ऐवजीं जानेवारी २००९ मध्यें सुरू झालें. ब्रिटनमध्यें संप नव्हता. तथापि 'स्काय वन' वाहिनीवर हीच मालिका पाहणाऱ्या तेथील प्रेक्षकांसही वर्षभर तिष्ठावें लागलें. संप १२ फेब्रुवारी २००८ रोजीं मिटला. मध्यंतरीं चित्रशाळांतील सुतार, रंगभूषाकार इत्यादिकांची रोजंदारी मात्र बुडाली.