परका धूमकेतू : एक विज्ञानपाठ (इयत्ता सातवीसाठी)



द्रोणागिरी डोंगराची कथा आपल्या भागातील मुलांस ठाऊक असते. मारुतिराय संजीवनीचा पर्वत नेत असता त्याचा तुकडा येथे पडला, असे वडीलधारी मंडळी सांगतात. कथा रम्य आहे. परंतु डोंगरावरील दगड पाहावा, तर तो सह्याद्रीचाच काळा कातळ आहे. कथेचा मान राखूनही पुरावा वेगळा मांडता येतो. हाच विवेक पुढील पाठात शिकवावयाचा आहे.

विषयविवेचन : दि. १ जुलै २०२५ रोजी चिली देशातील ॲटलास दुर्बिणीस एक धूमकेतू आढळला. त्यास ‘३आय/ॲटलास’ हे नाव मिळाले. सूर्यमालेबाहेरून आलेला हा तिसरा ज्ञात पाहुणा होय. पहिला २०१७ मध्ये व दुसरा २०१९ मध्ये आढळला होता. हॅलेचा धूमकेतू लंबवर्तुळात फिरतो व सुमारे ७६ वर्षांनी परततो. हा मात्र सूर्यापासून अतिदूर असतानाच सेकंदास सुमारे ५८ किलोमीटर वेगाने येत होता. सूर्याने त्याची वाट किंचित वळविली. त्यास बांधून ठेवणे सूर्यास शक्य नव्हते.

तो जन्मला कोठे? काही शास्त्रज्ञांच्या मते आकाशगंगेतील जुन्या ताऱ्यांच्या थरात, सात अब्ज वर्षांहूनही पूर्वी. वेब दुर्बिणीस त्याच्याभोवती पाण्याच्या वाफेहून कितीतरी अधिक कार्बन डाय-ऑक्साइड आढळला. त्यावरून कोणी म्हणतात, तो अतिशीत प्रदेशात घडला. कोणी म्हणतात, विश्वकिरणांनी त्याचे पृष्ठ बदलले. हार्वर्डचे प्राध्यापक अवी लोब यांनी तो परक्यांचे यान असू शकेल असा तर्क मांडला. तथापि तो नैसर्गिक असण्याचाच संभव अधिक, असेही त्यांनी लिहिले. मोबाइलवर पसरले ते केवळ पहिले वाक्य! रेडिओ दुर्बिणींनी शोध घेतला. कृत्रिम संदेश मिळाला नाही. वायू व धूळ मात्र धूमकेतूप्रमाणेच निघताना दिसली.

अध्यापन : मुलांनी यानाविषयी विचारल्यास त्यांची थट्टा करू नये. फळ्यावर ‘दिसले’ व ‘वाटले’ असे दोन रकाने आखावेत आणि प्रत्येक विधान योग्य रकान्यात मुलांकडूनच लिहवून घ्यावे.

प्रश्न : १. हा धूमकेतू बाहेरचा, हे कशावरून? २. ‘वाटले’ रकान्यातील विधान ‘दिसले’मध्ये नेण्यास कोणता पुरावा लागेल?

मूल आपण होऊन “कशावरून?” असे विचारू लागले, म्हणजे पाठ सफल झाला असे समजावे.