‘वाडा चिरेबंदी’ : संपत्ती, पिढी आणि वाटा

महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. विदर्भातील धरणगावच्या देशपांडे कुटुंबाचे कर्ते पुरुष तात्याजी निवर्तले आहेत आणि त्यांच्या दिवसांसाठी घर एकत्र आले आहे. सरंजामी घराचा ऱ्हास किंवा दोन पिढ्यांमधील संघर्ष, असे या नाटकाचे वर्णन सामान्यतः केले जाते. ते चूक नसले तरी अपुरे आहे.

संपत्तीविषयीच्या दृष्टीत पिढ्यापिढ्यांत भेद आहे, हे निर्विवाद होय. जुन्या पिढीच्या लेखी संपत्ती म्हणजे खर्च करून राखावयाची प्रतिष्ठा. म्हणूनच घरात चणचण असतानाही दिवस घराण्याला शोभतील असेच झाले पाहिजेत, असा आग्रह धरला जातो आणि त्यापायी वाड्याचा काही भाग विकण्याची पाळी येते. मधल्या पिढीतील भास्कर आणि सुधीर यांच्या दृष्टीने संपत्ती म्हणजे हिस्सा. वाटणीचा प्रश्न दुःखाच्या घरातही दबक्या आवाजात उपस्थित होतोच. धाकट्या पिढीतील रंजूला घराण्याच्या दागिन्यांत घराणे दिसत नाही; मुंबईच्या स्वप्नाचे भाडे दिसते. ती ते घेऊन शिकवणीच्या मास्तरांबरोबर निघून जाते.

तथापि नाटकाचा खरा निर्णय या भेदात नाही. चंदू आणि प्रभा ही भास्कर-सुधीरचीच भावंडे, म्हणजे त्याच पिढीची. सुधीरला मुंबईची नोकरी आहे, भास्करच्या हाती घराचा कारभार आहे. चंदूच्या वाट्याला मात्र घरातील सारी कष्टाची कामे येतात आणि त्यांचा कुठेही हिशेब नाही. प्रभेला पुढे शिकावयाचे होते. मुलीने शिकून करावयाचे काय, या विचाराने तिचा मार्ग खुंटला. विषमता येथे पिढ्यांच्या सीमेवर नव्हे, एकाच पिढीच्या आत उभी आहे. ज्या प्रतिष्ठेची तात्याजींना चाड होती, ती या दोघांच्या बिनमोल आयुष्यांवर तोललेली होती.

अंगणातील बंद पडलेला ट्रॅक्टर या संदर्भात पाहण्याजोगा आहे. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतरच्या महाराष्ट्रात जमीनदारीने आधुनिक होण्याचा जो प्रयत्न केला, त्याचे ते गंजलेले अवशेष होत. यंत्र आले, परंतु श्रमाविषयीची दृष्टी बदलली नाही.

भाषेची योजनाही याच विषमतेची साक्ष देते. घरातील वऱ्हाडी बोली आणि मुंबईहून आलेल्या अंजलीची प्रमाण मराठी यांतील अंतर केवळ प्रादेशिक नाही. पगाराच्या निश्चित उत्पन्नाकडे आणि शेतीच्या अनिश्चित उत्पन्नाकडे पाहण्याचे ते अंतर आहे. मात्र सुधीर-अंजलीचा संसारही ओढगस्तीचाच आहे, हे नाटककार विसरत नाही.

पुढील ‘मग्न तळ्याकाठी’मध्ये घरात पुन्हा पैसा येतो आणि भास्करचा मुलगा पराग कर्ता होतो. ‘युगान्त’मध्ये दुष्काळ सर्वांनाच गाठतो. १९९४ मध्ये तिन्ही नाटके त्रिनाट्यधारा म्हणून सलग सादर झाली, तेव्हा हा क्रम स्पष्ट झाला. पिढी बदलल्याने संपत्तीचा धनी बदलतो. तिचा वाटा कोणाला मिळत नाही, हा प्रश्न मात्र पुढच्या पिढीकडे जसाच्या तसा वारशाने जातो. भारतीय भाषांतील कुटुंबकथांचा अभ्यास करताना वारसांबरोबरच बिनवाट्याच्या माणसांचीही गणना व्हावी, ही या नाटकाची मागणी आहे.